वारंवार उलटणारी गाय: दुर्गम भागातील कृत्रिम रेतनात दोष कुठे आणि कसा शोधावा

गाय वेळेवर माजावर येते, सोट (माजात योनीतून येणारा चिकट स्राव) काचेसारखा स्वच्छ असतो, रेतन केल्यावर माज शमतो आणि तीन आठवड्यांनी ती उलटते, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर येते. असे तीन-चार वेळा घडले की पशुपालकाचा कृत्रिम रेतनावरचाच विश्वास उडतो. मोठ्या रस्त्यापासून दूर असलेल्या वस्त्यांवर ही तक्रार अधिक ऐकू येते आणि तिची झळही तिथेच अधिक बसते, कारण एक माज हुकला की गाईचे आणखी २१ दिवस वाया जातात आणि पुढच्या वेळी तंत्रज्ञ वेळेवर पोहोचेलच याची खात्री नसते. अशा वेळी सर्वांत आधी दोष गाईच्या माथी येतो. तिला इंजेक्शने दिली जातात, गर्भाशयात औषध सोडले जाते आणि शेवटी ती विकली जाते. उलटणे हा रोग नसून लक्षण आहे. त्याचे कारण कोणत्या टप्प्यावर दडले आहे, हे उलटण्याच्या तारखांवरून आणि कोणकोणत्या गाई उलटत आहेत यावरून बऱ्याच अंशी ओळखता येते. औषधाला हात लावण्यापूर्वी ते ओळखून घेणे आवश्यक आहे.

गाय खरोखरच सदोष आहे का

माजाचे चक्र नियमित आहे, बाहेरून कोणताही दोष दिसत नाही आणि तरीही तीन किंवा अधिक वेळा रेतन करूनही जी गाभण राहिली नाही, तिला पशुवैद्यकशास्त्रात वारंवार उलटणारी गाय म्हणतात. ही व्याख्या सोयीची असली तरी तिच्या आड एक साधे गणित लपते. एका रेतनात १०० पैकी ५० गाई गाभण राहतात असे धरले, तर तीन रेतनांनंतर १२ ते १३ गाई केवळ योगायोगाने रिकाम्या राहतील, त्यांच्यात कसलाही दोष नसला तरी. हेच प्रमाण ३५ पर्यंत घसरले, तर तीन रेतनांनंतर रिकाम्या राहणाऱ्या निर्दोष गाईंची संख्या १०० मध्ये २७ होते. म्हणजे ज्या भागात रेतनाचे कामच सैल झाले आहे, तिथे चांगल्या गाईंवरही सदोषपणाचा शिक्का बसू लागतो.

प्रमाण घसरते कसे, हेही पाहावे. गाय गाभण राहणे चार गोष्टींवर अवलंबून असते: माज अचूक ओळखला गेला का, रेतमात्रा (गोठवलेल्या वीर्याचा एका वेळचा डोस) जिवंत होती का, ती योग्य जागी सोडली गेली का आणि गाय स्वतः प्रजननक्षम होती का. या चारही गोष्टींची बेरीज होत नाही, त्यांचा गुणाकार होतो. चारही ठिकाणी ९० टक्के यश असेल तर शेवटी सुमारे ६६ टक्के गाई गाभण राहतात. चारही ठिकाणी ८० टक्के यश असेल तर तोच आकडा ४१ वर येतो. कुठेही मोठी चूक नसताना, सर्वत्र थोडी थोडी ढिलाई असतानाही निकाल निम्म्याखाली जातो, आणि म्हणूनच एकाच औषधाने हा प्रश्न सुटत नाही.

तारखा काय सांगतात

नोंदवहीत प्रत्येक गाईसमोर विण्याची तारीख, माज प्रथम दिसल्याची वेळ, रेतनाची वेळ, वळूचा क्रमांक, रेतकांडीवरील (वीर्य भरलेल्या बारीक नळीवरील) तुकडीचा क्रमांक, तंत्रज्ञ कोण होता आणि सोट कसा होता, एवढे लिहिलेले असावे. ही वही नसेल तर पुढचे सगळे अंदाजाचे काम होते. मला विचाराल तर दुर्गम भागातील गोठ्यात या वहीइतके स्वस्त आणि उपयोगी साधन दुसरे नाही.

रेतनानंतर १८ ते २४ दिवसांनी गाय उलटली, तर याचा अर्थ एक तर फलन झालेच नाही किंवा झालेला गर्भ पहिल्या दोन आठवड्यांतच नष्ट झाला. साधारण १६ व्या दिवसापर्यंत गर्भाने आपल्या अस्तित्वाची खूण गाईच्या शरीराला दिली नाही, तर पीतपिंड (स्त्रीबीज सुटल्यावर बीजांडकोशात तयार होणारा, गर्भ टिकवणारा पिंड) विरतो आणि चक्र ठरल्या वेळी पुन्हा सुरू होते. त्यामुळे या दोन कारणांतला फरक केवळ तारखेवरून करता येत नाही. इथे आधी माजाची वेळ, रेतमात्रेची स्थिती आणि रेतनाचे तंत्र तपासावे. २५ ते ३५ दिवसांनी उलटणारी गाय वेगळी गोष्ट सांगते. तिच्यात गर्भ राहिला होता, पण नंतर तो जिरला असण्याची शक्यता मोठी आहे. एखाद-दुसऱ्या गाईत असे घडले तर फार चिंता करू नये, पण एकाच परिसरातील अनेक गाई अशा उशिरा उलटू लागल्या तर संसर्गाकडे, आणि उन्हाळा असेल तर उष्णतेच्या ताणाकडे लक्ष वळवावे. ३६ ते ४८ दिवसांचे अंतर बहुधा मधला एक माज कुणाच्या लक्षातच आला नाही असे दर्शवते. याउलट १७ दिवसांपेक्षा कमी अंतराने गाय माजावर आली, तर दोनपैकी एक माज खोटा होता, म्हणजे ओळखण्यात चूक झाली होती, किंवा बीजांडकोशात गाठ आहे, असे समजून तपासणी करावी.

तारखांइतकेच महत्त्वाचे आहे ते गाईंचे गट पाहणे. ठरावीक तारखेनंतर एकाच तंत्रज्ञाच्या अनेक गोठ्यांतील गाई उलटू लागल्या असतील, तर गाई एकाच वेळी बिघडण्याची शक्यता जवळजवळ नसते. अशा वेळी रेतकांड्या साठवण्याच्या द्रव नत्राच्या (नायट्रोजनच्या) पात्राकडे पाहावे. एकाच गोठ्यातील बहुतेक गाई उलटत असतील तर त्या गोठ्यातील आहार आणि माज ओळखण्याची पद्धत तपासावी. शेजारच्या गाई गाभण राहत असून एकच गाय उलटत असेल, तरच त्या गाईच्या गर्भाशयाचा विचार प्रथम करणे योग्य ठरते.

माज ओळखण्यातील चूक

दुर्गम भागातील अपयशाचा सर्वांत मोठा वाटा माझ्या मते इथे आहे. गाईचे स्त्रीबीज माज संपल्यानंतर सुमारे १० ते १२ तासांनी सुटते, आणि सुटल्यानंतर ते फलनक्षम राहते ते जेमतेम ६ ते १० तास. शुक्राणूंना बीजवाहिनीपर्यंत पोहोचून फलनासाठी तयार व्हायला काही तास लागतात, आणि गोठवून पुन्हा वितळवलेले शुक्राणू ताज्या वीर्यातील शुक्राणूंपेक्षा कमी काळ टिकतात. म्हणून रेतन फार लवकर झाले तर स्त्रीबीज येईपर्यंत शुक्राणू दमलेले असतात, आणि फार उशिरा झाले तर स्त्रीबीज म्हातारे झालेले असते. उशिरा फलित झालेले असे बीज अनेकदा काही दिवसांतच मरते. गाय २१ व्या दिवशी उलटते आणि सगळे नियमानुसार झाले असे वाटत राहते.

सकाळी माज दिसला तर त्याच दिवशी संध्याकाळी आणि संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी रेतन करावे, हा नियम १९४० च्या दशकात अमेरिकेतील नेब्रास्का येथे ट्रिंबर्गर यांनी केलेल्या कामातून रूढ झाला आणि तो आजही चांगला मार्गदर्शक आहे. मात्र त्याचा आधार माजाची सुरुवात हा आहे. दावणीला बांधलेल्या गाईचा माज रात्री सुरू झाला आणि पशुपालकाने तो सकाळी दूध काढताना पाहिला, तर त्याच्या लेखी माज सकाळी सुरू होतो, तंत्रज्ञ संध्याकाळी येतो आणि प्रत्यक्षात वेळ टळून गेलेली असते. माजाच्या हालचाली रात्री आणि पहाटे अधिक असतात. वशिंड असलेल्या जातींमध्ये माजाचा काळ तोकडा असतो आणि म्हशींमध्ये तर मुका माज, म्हणजे बाहेर लक्षणे न दिसणारा माज, नेहमीचाच आहे. त्यामुळे दिवसातून एकदा धावती नजर टाकून भागत नाही. पहाटे आणि रात्री झोपण्यापूर्वी, इतर कामे बाजूला ठेवून, प्रत्येक वेळी किमान २० मिनिटे गाईंकडे शांतपणे पाहणे आवश्यक आहे, आणि शक्य असेल तर त्या वेळी गाई काही काळ मोकळ्या सोडाव्यात.

दुसरी गाय अंगावर चढत असताना जी गाय न हलता उभी राहते, ती माजावर आहे; याइतके खात्रीचे दुसरे बाह्य लक्षण नाही. हंबरणे, वैरण कमी खाणे, दूध घटणे, वारंवार थोडी थोडी लघवी करणे, निरण (योनीद्वार) सुजणे, सोट टाकणे ही सगळी लक्षणे उपयोगी आहेत, पण त्यांतील एकट्या-दुकट्यावर विसंबून रेतन करू नये. रेतनासाठी आणलेल्या गाईंच्या दुधातील किंवा रक्तातील प्रोजेस्टेरॉन (माजाच्या वेळी अगदी कमी असणारे संप्रेरक) ज्या ज्या वेळी मोजले गेले, त्या त्या वेळी त्यांतील काही गाई माजावर नव्हत्याच असे आढळून आले आहे. अशा गाईवर कितीही उत्तम वळूची रेतमात्रा वापरली तरी ती वाया जाणार, हे उघड आहे. गोठ्यात एकटीच गाय असेल तर शेपटीच्या मुळाशी खडूने किंवा रंगाने पट्टा ओढून, चरायला सोडल्यावर तो पुसला गेला का हे पाहता येते. मागील माजाची तारीख लिहून ठेवलेली असेल तर १८ व्या दिवसापासून तिच्याकडे अधिक लक्ष ठेवता येते.

निरणातून रक्त दिसले की काही जण गाय आता पक्क्या माजावर आली असे समजतात. हे रक्त माज संपल्यानंतर एक ते तीन दिवसांनी येते. त्याचा अर्थ माज होऊन गेला आहे आणि आता रेतनाचा उपयोग नाही. ती तारीख मात्र अवश्य लिहावी, कारण पुढचा माज तेथून सुमारे १८ ते २० दिवसांत येणे अपेक्षित असते.

तंत्रज्ञ दिवसातून एकदाच येऊ शकत असेल तर काय करावे, हा प्रश्न दूरच्या वस्त्यांवर नेहमी विचारला जातो. माज खरा असेल, तर दिवसातून एकदा ठरावीक वेळी रेतन केल्याने गाभण राहण्याच्या प्रमाणात फार मोठा फरक पडत नाही, असे मोठ्या संख्येने गाईंवर झालेल्या चाचण्यांतून दिसलेले आहे. म्हणून अचूक तास गाठता आला नाही तरी रेतन टाळू नये, मात्र माज खरा असल्याची खात्री करण्यात कसूर करू नये. ज्या गाईचा माज रेतनानंतर २४ तासांनीही तसाच टिकून आहे, तिच्यात स्त्रीबीज उशिरा सुटत असण्याची शक्यता असते आणि तिचे दुसऱ्या दिवशी पुन्हा रेतन करणे योग्य ठरते. सरसकट प्रत्येक गाईला दोन-दोन रेतमात्रा देण्याने मात्र काही साधत नाही.

द्रव नत्राचे पात्र

द्रव नत्राचे तापमान उणे १९६ अंश सेल्सिअस असते. रेतकांडी त्यात बुडालेली असेपर्यंत वर्षानुवर्षे टिकते. तापमान उणे १३० अंशांच्या वर सरकू लागले की कांडीतील बर्फाचे सूक्ष्म स्फटिक पुन्हा वाढू लागतात आणि शुक्राणूंच्या आवरणाला इजा होते. ही इजा साठत जाते आणि कांडी पुन्हा नत्रात बुडवल्याने ती भरून निघत नाही. यातील खरी अडचण अशी की खराब झालेली कांडी बाहेरून अगदी चांगल्या कांडीसारखीच दिसते.

ही इजा बहुतेक वेळा हाताळणीतून होते. हवी ती कांडी शोधण्यासाठी तंत्रज्ञ कांड्यांची डबी पात्राच्या तोंडापर्यंत वर उचलतो, क्रमांक वाचतो, नको ती परत ठेवतो. पात्राच्या काठाजवळ तापमान शून्याच्या आसपास असते आणि पातळ कांडीला तापायला काही सेकंदच लागतात. म्हणून डबी नेहमी मानेच्या आत, काठापासून बऱ्याच खाली ठेवूनच कांडी चिमट्याने काढावी. १० सेकंदांत ती सापडली नाही तर डबी पूर्ण खाली सोडून थोडे थांबावे आणि मग पुन्हा प्रयत्न करावा. कोणत्या डबीत कोणत्या वळूच्या किती कांड्या आहेत याची यादी पात्रालाच बांधून ठेवली, तर शोधण्याचा वेळ जवळजवळ संपतो. एका पात्रातून दुसऱ्यात कांड्या हलवताना दोन्ही पात्रे शेजारी ठेवावीत, सावलीत ठेवावीत आणि वाऱ्यात हे काम करू नये.

नत्राची पातळी लाकडी किंवा प्लास्टिकच्या मोजपट्टीने ठरावीक वारी मोजून लिहावी. पोकळ नळी वापरू नये, कारण तिच्यातून नत्र उसळून वर येते आणि हात व चेहरा भाजण्याचा धोका असतो. पट्टी बाहेर काढून हलवल्यावर तिच्यावर जितक्या उंचीपर्यंत दव गोठते तितकी पातळी. पातळी रोजच्यापेक्षा झपाट्याने घटू लागली किंवा पात्राच्या बाहेरच्या अंगावर, विशेषतः मानेजवळ, दव धरू लागले, तर आतील निर्वात पोकळी गेली आहे असे समजून कांड्या त्याच दिवशी दुसऱ्या पात्रात हलवाव्यात. खडबडीत रस्त्यावर दुचाकीला पात्र लटकवून नेण्यात ही पोकळी बिघडण्याची भीती मोठी असते. पात्र उभे, बांधलेले आणि गादीवर टेकलेले असावे. बंद खोलीत किंवा बंद गाडीत नत्राचे पात्र ठेवू नये, कारण नत्रवायूने हवेतील प्राणवायू कमी होतो आणि माणसाला कसलाही वास न येता गुदमरायला होते. एखाद्या दिवशी पुरवठ्याची गाडी आली नाही आणि पात्र कोरडे पडले, तर त्यातील कांड्या पुन्हा नत्र भरून वापरात आणू नयेत. असा साठा बाद करणे जिवावर येते हे मला समजते, पण त्या कांड्यांनी केलेल्या प्रत्येक रेतनासोबत एका पशुपालकाचे तीन आठवडे जातात.

वितळवणे आणि रेतन

कांडी ३५ ते ३७ अंश तापमानाच्या पाण्यात किमान ३० सेकंद ठेवावी आणि त्यासाठी तापमापक वापरावा. पाणी बोटाने तपासून कोमट वाटले म्हणजे झाले, असे समजू नये. खिशात, मुठीत किंवा हवेत कांडी वितळवल्यास ती हळूहळू तापते आणि वर सांगितलेली इजा नेमक्या त्याच वेळी होते. पाण्यातून काढल्यावर कांडी कोरडी पुसावी, कारण पाण्याचा एक थेंबही शुक्राणूंना मारक असतो. कांडी हलवून हवेचा बुडबुडा बंद टोकाकडे आणावा आणि ते टोक सरळ काटकोनात कापावे. तिरके कापले तर शीथमध्ये (रेतन गनवरील प्लास्टिकच्या आवरणात) वीर्य मागे गळते. थंडीच्या दिवसांत रेतन गन (वीर्य आत सोडण्याची लांब नळी) आधी हाताने किंवा कपड्याने घासून ऊबदार करावी आणि वितळवलेली कांडी १५ मिनिटांच्या आत वापरावी. कांडी केंद्रावरच वितळवून गोठ्यापर्यंत नेण्याची सवय कुठे असेल तर ती आजच बंद करावी.

गन योनीत घालताना टोक थोडे वरच्या दिशेने ठेवावे, म्हणजे ते मूत्रमार्गाच्या छिद्रात शिरत नाही. गर्भाशयाच्या मुखातील तीन-चार वळ्या ओलांडून गन गर्भाशयाच्या मुख्य भागात पोहोचली की लगेच थांबावे. हा भाग जेमतेम २ ते ३ सेंमी लांबीचा आहे. गन पुढे गेली तर ती गर्भाशयाच्या एका बाजूच्या शिंगात (फाट्यात) जाते आणि स्त्रीबीज दुसऱ्या बाजूला असेल तर संधी घटते, शिवाय आतील नाजूक अस्तर खरचटते. गन मागे राहिली तर बरेचसे वीर्य मुखातून बाहेर वाहून जाते. वीर्य सावकाश, सुमारे पाच सेकंद घेऊन सोडावे. पुष्कळ तंत्रज्ञांचे प्रशिक्षण एकदाच होते आणि नंतर वर्षानुवर्षे त्यांचा हात कुणी तपासत नाही. कत्तलखान्यातून मिळालेल्या प्रजनन अवयवांवर रंगीत द्राव सोडून आणि नंतर ते उघडून पाहण्याचा सराव अधूनमधून करून घेतला, तर गन नेमकी कुठे पोहोचते हे स्वतः तंत्रज्ञालाच दिसते. ज्या गाईवर रेतन होते ती शांत असावी. लांबून पळवत आणलेल्या, मारलेल्या किंवा भेदरलेल्या गाईला सावलीत बांधून स्थिर होऊ द्यावे.

गाईचे शरीर, आहार आणि ऋतू

आतापर्यंतच्या सगळ्या गोष्टी चोख असतील आणि तरीही गाय उलटत असेल, तेव्हा गाईकडे वळावे. सोटात पांढरट धागे, पुवाचे ठिपके किंवा दुर्गंध असेल तर गर्भाशयाचा दाह आहे. अशा माजाला रेतन करू नये. पशुवैद्यकाकडून उपचार करून घ्यावेत आणि पुढच्या माजाला सोट स्वच्छ झाल्याची खात्री करावी. काही दाह इतके सौम्य असतात की सोट डोळ्यांना स्वच्छच दिसतो. अशा वेळी सोटात सोडियम हायड्रॉक्साइडचे द्रावण मिसळून तापवण्याची व्हाइटसाइड चाचणी उपयोगी पडते. मिश्रण पिवळे पडले तर दाह आहे असे समजावे. या दाहाची सुरुवात बहुतेक वेळा विताना झालेली असते. अस्वच्छ हातांनी केलेली ओढाताण आणि अडकलेला वार जोर लावून काढणे, ही त्याची नेहमीची कारणे आहेत. विल्यानंतर गर्भाशय पूर्ववत व्हायला सुमारे सहा आठवडे लागतात, म्हणून ६० दिवसांच्या आत घाईने रेतन करू नये.

विल्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन महिन्यांत गाय दुधातून जितकी ऊर्जा देते तितकी ती खाऊ शकत नाही आणि अंगावरची चरबी वापरते. शरीराची स्थिती मोजण्याच्या १ ते ५ या पट्टीवर एका अंकापेक्षा अधिक घसरण झाली, तर गाभण राहण्याचे प्रमाण स्पष्टपणे घटते. म्हणून गाय विताना ती ३ ते ३.५ या स्थितीत असावी, आणि त्यासाठीचा खुराक गाभणपणाच्या शेवटच्या महिन्यांतच सुरू करावा लागतो. केवळ वाळलेल्या वैरणीवर दीर्घकाळ ठेवलेल्या गाईंमध्ये अ जीवनसत्त्व, फॉस्फरस, तांबे, जस्त, सेलेनियम, आयोडीन यांची कमतरता निर्माण होते. मोठ्या गाईला रोज सुमारे ५० ग्रॅम खनिज मिश्रण आणि थोडी तरी हिरवी वैरण नियमित मिळाली, तर त्याचा परिणाम दोन-तीन महिन्यांत दिसू लागतो. रेतनाच्या आठवड्यात मूठभर मिश्रण देऊन काही उपयोग होत नाही. कालवडींच्या बाबतीत वयापेक्षा वजन पाहावे. प्रौढ गाईच्या वजनाच्या ६० ते ६५ टक्के वजन झाल्यावरच पहिले रेतन करावे.

उन्हाळ्यात माजाचा काळ आखडतो आणि त्याची लक्षणे दबतात. फलनानंतरच्या पहिल्या तीन-चार दिवसांतला गर्भ उष्णतेला फार नाजूक असतो. म्हणून रेतन पहाटे किंवा संध्याकाळी करावेच, पण त्यापेक्षा महत्त्वाचे म्हणजे पुढचे काही दिवस त्या गाईला दाट सावली, भरपूर थंड पाणी आणि अंगावर पाण्याचा शिडकावा मिळेल असे पाहावे. ही काळजी घेणारे फार थोडे आढळतात.

संसर्गाबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी. कृत्रिम रेतनाचा एक मोठा लाभ म्हणजे तपासलेल्या वळूचे वीर्य वापरल्याने नैसर्गिक संयोगातून पसरणारे व्हिब्रिओसिस आणि ट्रायकोमोनिएसिस हे आजार टळतात. गाय उलटली की तिला मोकाट वळूकडे नेणे, मग पुन्हा कृत्रिम रेतन, असा क्रम सुरू झाला की हा लाभ संपतो, आणि उशिरा उलटणाऱ्या गाईंची संख्या वाढते. गाभणपणाच्या शेवटच्या तिमाहीत गर्भपात होत असतील तर ब्रुसेलोसिसची रक्तचाचणी करून घ्यावी. हा आजार माणसालाही होतो, म्हणून पडलेला गर्भ आणि वार उघड्या हातांनी हाताळू नये, तो चुना टाकून खोल पुरावा.

संप्रेरकांचा वापर आणि गाभण तपासणी

ज्या वस्तीवर तंत्रज्ञ रोज जाऊ शकत नाही, तिथे अनेक गाईंचा माज एकाच वेळी आणून ठरलेल्या दिवशी रेतन करणे सोयीचे वाटते. १९९५ मध्ये अमेरिकेत मांडली गेलेली ओव्हसिंक पद्धत त्यासाठीच आहे: पहिल्या दिवशी जीएनआरएच (स्त्रीबीज सुटण्यास चालना देणारे संप्रेरक), त्यानंतर सात दिवसांनी प्रोस्टाग्लँडिन (पीतपिंड विरवणारे संप्रेरक), त्यानंतर सुमारे दोन दिवसांनी पुन्हा जीएनआरएच आणि पुढच्या १६ ते २० तासांत माज न पाहता रेतन. ही पद्धत चक्र सुरू असलेल्या, धडधाकट गाईंमध्ये चांगली चालते. हाडे दिसणाऱ्या आणि माजावरच न येणाऱ्या गाईंना आधी आहार हवा. त्यांच्यावर नुसत्या प्रोस्टाग्लँडिनचा परिणाम होत नाही, कारण त्याला विरवायला पीतपिंडच नसतो. आणि गाय गाभण असताना हेच इंजेक्शन दिले तर गर्भ पडतो, म्हणून तपासणीशिवाय ते कधीही देऊ नये. हे औषध त्वचेतूनही शरीरात शिरते, त्यामुळे गर्भवती स्त्रियांनी आणि दम्याच्या रुग्णांनी ते हाताळू नये.

रेतनानंतर २१ दिवसांनी माज आला नाही म्हणजे गाय गाभण आहे, असे धरून चालणे हा वेळ वाया जाण्याचा आणखी एक मार्ग आहे. ६० ते ९० दिवसांच्या दरम्यान हाताने आणि सोनोग्राफी उपलब्ध असेल तर ३० दिवसांच्या आसपास तपासणी करावी. काही थोड्या गाभण गाई मध्येच माजाची लक्षणे दाखवतात. अशा गाईच्या गर्भाशयात गन घातली तर चांगला गर्भ गमावला जातो. म्हणून दीड-दोन महिन्यांनी अचानक माजावर आलेली दिसणारी गाय आधी तपासून घ्यावी, आणि तपासणी शक्य नसेल व शंका कायम असेल तर वीर्य गर्भाशयाच्या मुखातच सोडून गन मागे घ्यावी.

सर्व टप्पे तपासून, आहार सुधारून आणि स्वच्छ सोटावर वेळेत रेतन करूनही जी गाय उलटतच राहते, तिची पशुवैद्यकाकडून संपूर्ण तपासणी करून घ्यावी. जुळ्यांत वळूसोबत जन्मलेली कालवड असेल तर ती दहांपैकी नऊ वेळा वांझच असते आणि तिच्यावर खर्च करण्यात अर्थ नाही. बीजवाहिन्या चिकटलेल्या गाईचेही तसेच. ज्या गाईत असा दोष आढळत नाही, तिला रेतनाच्या वेळी जीएनआरएचचे इंजेक्शन दिल्याने काही प्रमाणात फायदा होतो. त्यानंतरही ती राहिली नाही तर नैसर्गिक संयोगाचा पर्याय उरतो, मात्र त्यासाठी वळू ब्रुसेलोसिस आणि लैंगिक संसर्गासाठी तपासलेलाच असावा, आणि तशी तपासणी झालेला वळू मिळत नसेल तर एका गाईसाठी इतर सगळ्या गाईंना धोक्यात घालू नये.